येथे हवा भरून मिळेल

पेट्रोल पंपावर चाकात हवा फुकट भरून मिळते. हवा भरणाऱ्या पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली तर 'काका, स्टेपनी पण बघू का?' असंही तो आपणहून विचारतो. ही सोय डोंबिवलीत आहे, कल्याणात आहे, ठाण्यात तर आहेच आहे. हे सगळं पक्कं ठाऊक असूनही एखादा पन्नाशी उलटलेला, नोकरदार, बऱ्यापैकी शिकलेला गृहस्थ आपल्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर त्याच्या कामावरून सोडवून त्याच्यापासून चाकात हवा भरायचं यंत्र करायला बसला, तर अशा माणसाला काय म्हणावं? आमच्या घरी त्याला 'अहो' म्हणतात. म्हणताना जो सूर लागतो तो छापता येत नाही.

माझा हा जुनाच रोग आहे. कुठलीही वस्तू तिला नेमून दिलेल्या कामात सुखाने रमलेली मला बघवत नाही. जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम टाकवेना, म्हणून मी त्याची कुंडी करून गॅलरीत तुळस लावली. ड्रमला भोकं असतात ही गोष्ट माझ्याआधी खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या लक्षात आली, कारण त्यांच्या धुतलेल्या चादरी नेमक्या त्याच्याखाली वाळत होत्या. टेबलफॅनच्या मोटरला रवी जोडली तेव्हा ताक मात्र झकास घुसळलं गेलं. भिंतीवरून पुसून घ्यावं लागलं, एवढंच.

गाडी आमची मारुती एट हंड्रेड. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीच्या हरपाल सिंगांना इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या गाडीची किल्ली मिळाली, तिथपासून २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत आपल्यापैकी किती जणांनी हिच्यावरच हात साफ करून घेतला असेल! आमच्याकडे ती मेहुण्यांकडून आली, एसीसकट. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन, चाळिसाच्या आतली अश्वशक्ती, आणि त्यावर चार माणसं, एक मोठा डबा व एसी एवढा संसार. ज्यांनी ही गाडी चालवली त्यांना डाव्या हाताची ती सवय आठवेल: चढ दिसला की आधी एसीचं बटण बंद, मग गिअर. कसारा घाट राहू द्या, मी पत्री पुलाच्या चढालाही एसी बंद करतो. थोडक्यात, हा कॉम्प्रेसर इंजिनची किती ताकद खातो ते मला अनुभवाने ठाऊक होतं. एवढं खाऊन तो देतो काय, तर नुसता गारवा. हे मला कुठेतरी खटकत होतं.

अशात एका डिसेंबरात एसीचा गॅस निघून गेला. जोडावरचं रबरी कडं कडक झालंय, ते बदलून गॅस भरला की झालं, असं एसीवाला म्हणाला. थंडीचे दिवस, घाई कुणाला होती? त्याच सुमारास भाचा घरी आला. हा आठवडाभर ऐरोलीत कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवार-रविवारी जीप काढून जिथे रस्ता नाही तिथे जातो. वाळूत गाडी रुतू नये म्हणून ही मंडळी चाकांतली हवा निम्म्यावर आणतात, त्याने टायर पसरतो. पण डांबरावर यायच्या आधी ती परत भरावी लागते, आणि समुद्रकाठी काही पंप नसतो. म्हणून म्हणे अमेरिकेतल्या जुन्या जीपवाल्यांनी एसीचा कॉम्प्रेसरच हवेच्या कामाला जुंपला. 'मामा, एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे शेवटी काय रे? पंपच,' असं म्हणून त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं आणि विषय बदलला. त्याने बदलला. माझी गाडी वाळूत आजवर एकदाच गेली होती, तीही शेजारच्या बांधकामाची रेती आमच्या फाटकातच ओतली गेली तेव्हा. पण असल्या तपशिलांनी मी कधी खचलेलो नाही.

रात्री जेवण झाल्यावर खाली जाऊन बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू करून बघत उभा राहिलो. तुम्हीही कधी बघा. पट्ट्यावर कॉम्प्रेसरची पुली अखंड गरगरत असते, पण तिच्या तोंडावरची चकती ढिम्म हलत नाही. आत बसलेल्या माणसाने एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज जाते, त्याचं चुंबक होतं, चकती खेचली जाऊन पुलीला चिकटते, 'टक्' असा आवाज होतो, इंजिन किंचित दबतं आणि आतला दांडा फिरू लागतो. बटण बंद केलं की चकती सुटी. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांत कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे टक् नव्हतं. गारवा पुरे झाला की इंजिन थांबवायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. आम्हाला मात्र ते बटणावर मिळालेलं. मुलाला आत बसवून मी ते बटण इतकं दाबायला लावलं की शेवटी तो म्हणाला, 'बाबा, मला उद्या पेपर आहे.'

बाकीचा बेत वहीच्या एका पानात बसला. कॉम्प्रेसरला दोन तोंडं: एकाने गॅस ओढायचा, दुसऱ्याने दाबून पुढे ढकलायचा. ओढायच्या तोंडाला हवा गाळायची जाळी लावली, ढकलायच्या तोंडाला नळी, नळीपुढे हवा मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह, त्यापुढे टाकी, टाकीवर दाब दाखवणारा काटा, आणि टाकीतून निघालेली लांब नळी चाकापर्यंत. पेन्सिलीने काढलेलं ते चित्र मी हिला दाखवलं. ती म्हणाली, 'छान आहे, पण मोदकपात्राला इतक्या नळ्या कशाला?'

तरी आधार मिळतच गेला, कारण मूळ कल्पनेत चूक काढावी असं काहीच नव्हतं. ट्रक आणि एस.टी. बस हवेच्याच ब्रेकवर थांबतात, त्यांच्या इंजिनला हवेचा कॉम्प्रेसर जन्मापासून चिकटलेला असतो, आणि ट्रकवाले त्याच टाकीतून नळी काढून वाटेत स्वतःची चाकं भरून घेतात. गावाकडे विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोकं पाडायला जो ट्रॅक्टर येतो, त्याचं इंजिन पाठीवरचा कॉम्प्रेसर चालवतं. आपली लोकल स्टेशनात उभी राहिली की डब्याखाली एक यंत्र एकदम घरघरायला लागतं ना, तेही ब्रेकसाठी हवाच भरत असतं. इतकी वर्षं डोंबिवली ते ठाणे मी त्याच्यावर उभा राहून प्रवास केला आणि कधी त्याची विचारपूस केली नाही. शिवाय माझ्याकडे एक कात्रण होतं. २००७ साली टाटा मोटर्सने गी नेग्र या फ्रेंच अभियंत्याच्या एमडीआय कंपनीशी करार केला होता, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गाडीसाठी. हवेवर गाडी चालवायचा विचार टाटा करतात, मग गाडीवर हवा का नाही? ती गाडी पुढे बाजारात आली नाही. कात्रण मात्र मी जपून ठेवलं आहे.

घरी सांगितलं, 'एसीचं काम काढलंय.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

टाकीवरून पहिला पेच पडला. घरातला जुना गॅस सिलिंडर बघूनच हिने दारात पाय रोवले, तेव्हा तो विचार सोडला. सोसायटीच्या जिन्यातलं मुदत संपलेलं आग विझवायचं नळकांडं अगदी मापाचं होतं, पण सेक्रेटरींनी ते हातात घेतलेलं पाहिलं आणि 'आग कुठे लागलीय?' म्हणून आरडाओरडा केला. शेवटी शिळफाट्याकडच्या एका भंगारवाल्याकडे तोडलेल्या ट्रकची ब्रेकची टाकी किलोच्या भावाने मिळाली. ती डिकीत बसेना. बसवायची तर काहीतरी काढणं भाग होतं, म्हणून स्टेपनी काढून गॅलरीत ठेवली. म्हणजे चाकात हवा भरायची सोय व्हावी म्हणून जादा चाक घरी ठेवून मी हिंडू लागलो.

मग आटे. देवाने माणसं घडवताना घातला नसेल इतका घोळ माणसाने आट्यांत घातलेला आहे. कॉम्प्रेसरच्या तोंडाचे आटे एक, टाकीच्या निपलचे दुसरे, नळीचे तिसरेच. पाव इंची म्हणून घेतलेली वस्तू पाव इंचीतच बसत नाही आणि दुकानदार आपल्याकडे असं बघतो की आपण घरून वेगळा इंच घेऊन आलो आहोत. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने मला पितळी जोड करून दिले. त्याने ते माझ्यापुढेच कातले: पितळेच्या सळीवरून सोनेरी वेटोळी सुटत होती, तो मधेच यंत्र थांबवून जोड बोटांत फिरवायचा, फुंकर मारायचा, आट्यात नख घालून बघायचा. सगळे झाल्यावर त्याने विचारलं, 'कशाला हवेत?' मी सविस्तर सांगितलं. त्याने निम्मेच पैसे घेतले. हा मला सन्मान वाटला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर खोपटच्या एस.टी. कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात; सोसायटी त्यांना डेपोकाका म्हणते. यंत्र बसवून झाल्यावर मी त्यांना दाखवायला बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, 'सेफ्टी व्हॉल्व्ह?' तो होता, टाकीबरोबर किलोच्या भावात आला होता. त्यांनी तो काढून, धुऊन, तपासून पुन्हा लावला, म्हणून मी आज हे लिहितोय. 'आणि दाब पुरा झाला की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा स्विच?' तो नंतर लावू म्हटलं, तोवर मी काट्यावर नजर ठेवीन. 'काटा कुठाय?' डिकीत. 'आणि तू?' स्टिअरिंगवर. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. 'तेलाचं काय?' एवढंच मग त्यांनी विचारलं. मी अभिमानाने शिवणयंत्राच्या तेलाची बाटली दाखवली. काका काही न बोलता वर निघून गेले.

पहिल्या चाचणीला मी ढकलायच्या तोंडाला गॅसच्या शेगडीची नारिंगी नळी लावली होती. हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप मारलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पंपाचं बूड हाताला चटका देतं. इथे तर ती शंभर अंशांच्या बरीच वर जाते, आणि शेगडीची नळी तसल्या कामासाठी जन्मलेली नसते. टक् झालं, काटा हलला, मी टाळी वाजवायला हात वर केले, आणि नळी जोडावरून मऊ होऊन सुटली ती थयथय नाचत पार्किंगमधल्या एकूण एक गाडीला शिवून आली. माझ्या कपाळाला दोनदा. रविवार सकाळ होती, त्यामुळे प्रेक्षकांची वानवा नव्हती. नंतर मात्र ट्रकच्या कॉम्प्रेसरची चांगली जाड नळी आणली आणि खरोखर, देवाशपथ सांगतो, चाकात हवा भरली गेली. पंपावर तीस पौंड भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जरासाच जास्त लागला, शिवाय बॉनेट उघडणं, इंजिन चालू करणं, नळ्या सोडणं, नळ्या गुंडाळणं आणि हात रॉकेलने धुणं.

यश माणसाला सार्वजनिक कार्याकडे नेतं. जानेवारीत भाचीच्या मुलाचं बोरन्हाण होतं, घर भरून फुगे लावायचे होते, आणि ते तोंडाने फुगवायला पोरं जमवण्याची चर्चा चालू असताना मी नुसता हात वर केला. गाडी खाली, गॅलरीच्या बरोबर खाली लावली. सुरुवातीचे फुगे नळीला लावताक्षणीच गेले, कारण टाकीतला दाब आणि फुग्याची ऐपत यांचा काही मेळ नव्हता. मग नळी चिमटीत धरून हवा सोडायची युक्ती जमली आणि पोरांच्या गालांना जे काम दिवसभर पुरलं असतं ते मी चहा यायच्या आत संपवलं. भाचीच्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, 'मामांचं डोकं म्हणजे!' वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. बरं झालं, नंतर त्यांना ते कुठल्याही बाजूने पुरं करता आलं.

बाळ पाटावर बसलं होतं, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या यांनी भरलेलं मापटं डोक्यावरून ओतणार, एवढ्यात पहिला फुगा फुटला. सगळे हसले. मग दुसरा. मग एकदम कोपऱ्यातला घोस. शिवणयंत्राचं तेल म्हणजे खनिज तेल, आणि फुग्याचं रबर खनिज तेलापुढे टिकत नाही. माझ्या हवेबरोबर प्रत्येक फुग्यात तेलाचा बारीक फवारा गेला होता आणि आतून भिंती झिजवत बसला होता. आता प्रत्येक स्फोटासरशी तो फवारा खाली येत होता. संक्रांतीला काळे कपडे घालायची पद्धत ज्या कुणी पूर्वजांनी पाडली, त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. डाग दिसले नाहीत. हलवा मात्र तुकतुकीत झाला. बायका बोटं हुंगत होत्या, पोरं खाली पडलेल्या बोरांवर घसरत होती, आणि एकटं बाळ प्रत्येक फटाक्याला टाळ्या पिटून 'अजून, अजून' म्हणत होतं. त्या घरात माझा तेवढाच एक चाहता उरला.

रात्री डेपोकाकांकडे गेलो. त्यांनी मला पाटावर बसवून समजावलं, फक्त बोरं ओतायची ठेवली. एसीत तेल गॅसबरोबरच फिरतं: कॉम्प्रेसरमधून निघतं, पुढच्या जाळीत जातं, आतल्या कॉइलमध्ये जातं आणि गॅसच्या पाठोपाठ पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतं. बंद वर्तुळ आहे, म्हणून गाडीचं आयुष्य सरलं तरी ते सहसा संपत नाही. 'तू वर्तुळ तोडलंस. आता तेल हवेबरोबर जे बाहेर पडतं ते परत येतच नाही. थोडं घातलंस तर यंत्र कोरडं पडून जाम होणार, भरपूर घातलंस तर फुगे.' एस.टी.च्या कॉम्प्रेसरला इंजिनमधून तेल येतं आणि काम करून इंजिनमध्येच परत जातं. अमेरिकेतल्या त्या जीपवाल्यांना प्यारा असलेला यॉर्क नावाचा जुना कॉम्प्रेसर स्वतःच्या पोटातच तेल बाळगतो, म्हणून त्याला हवा चालते. माझ्याकडचा त्या जातीचा नव्हता. शिवाय आपल्याकडची दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज तोटी उघडून काढणं हा डेपोतला पाठच असतो. 'काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?' 'तू विचारायला कुठे बोलावलं होतंस? दाखवायला बोलावलं होतंस.'

भाच्याला फोन केला. 'अरे, तू यॉर्क वापरतोस का?' 'छे रे मामा, मी तो सिगारेट-लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा पंप घेतलाय. एवढी कटकट कोण करेल?'

पुढे घरडा सर्कलजवळ पुढच्या चाकात खिळा गेला तेव्हा वाटलं, आता तरी चीज होईल. माझी नळी मागच्या चाकांपुरतीच होती, म्हणून जोडायला आणखी नळी आणवली. हवा भरू लागलो. जेवढी भरत होतो तेवढी खिळ्याच्या भोकातून बाहेर पडत होती. यंत्र उत्तम चाललं होतं. स्टेपनी गॅलरीत होती.

तरी गाडी तशीच राहिली, कारण एसी परत करून घ्यायचा तर घरी आधी तो आता नाही हे सांगावं लागणार होतं, आणि तशी वेळ मला सापडली नाही. ती मे महिन्यात आपणच आली. ठाण्याला नौपाड्यात लग्न, बाराच्या आतला मुहूर्त, मागे सासूबाई पैठणीत, शेजारी ही, आणि आम्ही काटई नाक्याच्या कोंडीत. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, डावीकडे सिमेंटचा मिक्सर. गाडीच्या पत्र्यावर पापड भाजला गेला असता. हिने खिडकीची काच वर केली आणि एसीचं बटण दाबलं.

टक्.

मी तो आवाज ऐकला. माझ्या शरीरातल्या प्रत्येक हाडाने ऐकला. पण सासूबाई मागे बसलेल्या असताना, जानेवारीपासून जपलेली गोष्ट जावयाने कुठल्या वाक्यापासून सुरू करावी? 'गार व्हायला वेळ लागतो का हो?' हिने विचारलं. 'लागतो थोडा,' मी म्हणालो. ब्लोअरमधून भट्टीची झळ येत होती. सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, शिवणयंत्राचा वास कुठून येतोय? आमच्या आळीत मी ब्लाउज शिवायचे तेव्हा खोलीभर असायचा बघा हा.' मी म्हटलं, जवळपास टेलर असेल. सिमेंटच्या मिक्सरकडे बघत त्यांनी मान डोलावली. तीच मान त्यांनी मागे वळवली असती तर पाठीशी उघड्या डिकीत चढत जाणारा काटा त्यांना दिसला असता.

टाकी आठ किलोला उघडत होती, म्हणजे साधारण ११५ पौंड. घरच्या कुकरची शिटी पंधरा पौंडांना होते. आता तसला कुकर सासूबाईंच्या कानामागे वीतभर अंतरावर ठेवला आहे असं समजा. सेफ्टी व्हॉल्व्हने त्याचं काम चोख केलं. पहिल्या फुत्काराला ही 'टायर!' म्हणून ओरडली, सासूबाईंनी थेट कुलदैवताचं नाव घेतलं, आणि मी एसीचं बटण बंद करण्याऐवजी घाबरून वायपर चालू केले. कॉम्प्रेसर चालू, टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा. जितकी हवा आत येत होती तितकी शिट्टी फुंकत बाहेर जात होती आणि गाडीत तेलाचं धुकं पसरत होतं. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं खाली उतरली. पुढच्या ट्रेलरचा ड्रायव्हर आला, बोलण्यावरून नगरकडचा. त्याने खिडकीशी वाकून, डोळे मिटून, दोन क्षण तो आवाज ऐकला. मग अत्यंत आदराने विचारलं, 'साहेब, मारुतीला एअर ब्रेक कुठं बसवून घेतले?'

संपूर्ण प्रकरणात माझ्या कारागिरीला मिळालेली ही एकमेव दाद. मी काही बोलणार तोच हिने हात पुढे करून बटण बंद केलं.

नौपाड्यापर्यंत गाडीत कुणी शब्द काढला नाही. लग्नात सासूबाईंनी ही हकिगत सांगायला सुरुवात केली ती पंगत उठेपर्यंत, आणि दर वेळी टेलरपाशी आल्या की थांबून माझ्याकडे बघायच्या. पैठणी वाचली. माझा झब्बा गेला, तो पांढरा होता.

दुसऱ्याच दिवशी गाडी एसीवाल्याकडे. या वेळी ही बरोबर आली, मला एकट्याला कुठल्याही हत्याराजवळ सोडायचं नाही असं घरात ठरलं होतं. एसीवाल्याने कॉम्प्रेसर सोडवून उलटा केला तर त्यातून पांढुरकं चिकट पाणी गळलं. 'यात काय घातलं होतं?' त्याने विचारलं. उत्तर हिने दिलं, ब्रँडसकट. त्याने हात पुसले, मला नीट न्याहाळलं आणि मग सगळा हिशेब हिच्याशीच केला: दुसरा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर, रबरी कडी, नळ्या धुणं, त्या आधी आतली सगळी हवा आणि ओल ओढून काढणं, मग गॅस. पटापट नळ्या जोडून त्याने कोपऱ्यातलं एक यंत्र ओढत आणलं. काळं, वाटोळं, तीन पायांचं, दोन तांब्याच्या नळ्या वर आलेल्या. मी ते लांबूनच ओळखलं.

'हा तर फ्रीजचा कॉम्प्रेसर!'

'हो. जुन्या फ्रीजचा काढलाय. ओढायची नळी लावली की गाडीतली हवा काढतो,' तो पान्याने जोड आवळत म्हणाला, 'आणि दुसऱ्या नळीने संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या सायकलींत हवा भरतो.'

'आणि तेल?' मी खाली वाकलो. 'तेल बाहेर नाही येत? कुठलं घालता? किती दिवसांनी? पाणी साचतं का?'

हिने माझं कोपर धरलं. एसीवाल्याने बटण दाबलं, फ्रीजचा कॉम्प्रेसर गुरगुरला, काटा सरळ खाली गेला आणि तिथेच राहिला.

त्याचं चालत होतं.